नाव न छापण्याच्या अटीवर

पद्माआक्का, तू गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलीस. निपाणीतल्या दवाखान्यात तुला दाखल करून तेव्हा एकोणीस तास झाले होते. मी तिथे नव्हतो. बेळगावहून निघालेली माझी बस संकेश्वरच्या अलीकडे होती. भूपालमामांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "सुकू, आता घाई करू नगंस."

मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून फुफ्फुसाचा जुना आजार असं लिहिलं आहे. नातेवाइकांनी त्याचा अर्थ तंबाखू असा लावला. निपाणीत खोकल्याचं दुसरं कारण कुणी विचारत नाही. लग्नानंतर पाच वर्षं तू वखारीत तंबाखू निवडायला जात होतीस, त्यामुळे कुणाला शंका यायचं काही कारणही नव्हतं. दारात जमलेल्या बायका म्हणत होत्या, वखारीच्या खकाण्यानं नेली पद्माला. मी ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. आयुष्यभर पेपरात बातम्या लिहिल्या, दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका सुधारल्या, पण तुझ्या दारात उभं राहून ही एक चूक मला सुधारता आली नाही.

खरं कारण आपल्या दोघांनाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी थंडीत मी तुला बेळगावला बोलावून कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि आधी तंबाखूबद्दलच विचारलं. मग म्हणाले, घरात पक्षी आहेत का? तू म्हणालीस, घरात न्हाईत, दुकानात हाईत. किती? तू बोटांवर मोजत हिशेब केल्यासारखं केलंस आणि म्हणालीस, पिल्लं धरून साठ-सत्तर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पिसांचा आणि वाळलेल्या विष्ठेचा बारीक भुगा वर्षानुवर्षं आत जात राहिला की फुफ्फुसं घट्ट होत जातात, असं त्यांनी सांगितलं. झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण पक्षी सोडले तर ते तिथेच थांबू शकेल. निदान तोंडाला मास्क लावा. तू सगळं नीट ऐकून घेतलंस, त्यांना नमस्कार केलास आणि पिशवी उचललीस.

बसस्टँडवर निपाणीची गाडी लागायला वीस मिनिटं होती. मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा तू माझ्याकडे न बघता बोललीस. "मास्क लावला तर लोकांस्नी वाटंल पाखरंच आजारी हाईत. आन् हे कुणाला सांगायचं न्हाय. मलाबी परत सांगायचं न्हाय. सांगितलंस तर मी बेळगावात पाऊल टाकायची न्हाय, बघ." मी बरं म्हणालो. ते मी पाळलं.

दुकान कसं सुरू झालं हे मी कधी लिहिलं नाही. भाऊजी गेले तेव्हा तू एकोणचाळीस वर्षांची होतीस. मूलबाळ नव्हतं. सदलग्याला माहेरी परत यायला आप्पांनी दोनदा निरोप पाठवला, तू दोन्ही वेळा नाही म्हणालीस. भाऊजींनी हौसेनं घेतलेल्या माशांच्या दोन टाक्या घरात होत्या. त्या तू बसस्टँडमागच्या गल्लीत एका गाळ्यात नेऊन ठेवल्यास आणि पाटी लावलीस. वर्षभरात बजरीगर पक्षी आले. गावात सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. तू प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव सुधारायचीस आणि प्रत्येक गिऱ्हाईक पुन्हा लव्हबर्डच म्हणायचं. कुणी राघू मागितला की तू विचारायचीस, राघू पाहिजे का जेल? आपल्याकडचे पोपट विकायला कायद्याने मनाई आहे हे तुझ्या गल्लीत तुझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत नव्हतं.

तुझी विकायची एक रीत होती. पक्षी घ्यायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तू पक्षी देत नसायचीस. रिकामा पिंजरा द्यायचीस. घरी न्यायचा, टांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं की कुठं टांगला. दुपारचं ऊन येतं का. चुलीचा धूर लागतो का. मांजर आहे का. उत्तरं पटली तर जोडी मिळायची. मी एकदा हिशेब केला, पिंजरा नेलेल्यांपैकी बरेच जण पिंजरा परत करायला यायचे किंवा यायचेच नाहीत. धंदा बुडवायची ही कुठली तऱ्हा, असं मी म्हणालो होतो. तू म्हणालीस, "रिकामा पिंजरा एक दिवस घरात सोसंना त्यांस्नी, तर भरलेला काय सोसणार?"

आपला जैन धर्म आणि हा धंदा यांचं जमत नाही, हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. तू दिवस असतानाच जेवायचीस, पाणी गाळून प्यायचीस, आणि पक्षी विकायचीस. मामा दर वेळी ते काढायचे. तू वाद घालत नव्हतीस. पाप असंल तर असू दे, निदान राळं-पाणी येळंवर देती, एवढं बोलून आत जायचीस. मामांशी तुझं खरं भांडण पर्युषणात व्हायचं. त्या दिवसांत आपल्यातली बरीच घरं जीवदया म्हणून पक्षी विकत घेऊन सोडायला यायची. बाकी दुकानदारांचा तो हंगाम. तू मात्र पिंजऱ्यांवर जुन्या साड्या टाकायचीस आणि सगळे विकले गेलेत म्हणून सांगायचीस. मामा स्वतः एकदा आले आणि साडी बाजूला करून बघितली. जैनाची लेक जीव सोडायला देत न्हाय, असं ते बस्तीच्या कट्ट्यावर, देवदर्शनाला आलेल्यांसमोर बोलले. तू त्यांना सांगितलंस की ह्यांचं आज्या-पणज्यापासून सगळं पिंजऱ्यात झालंय, कावळा म्हणजे काय हे ह्यांना ठाऊक नाही. मामांना ते दुकानदाराचं बोलणं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

माझ्या प्रत्येक बातमीची पहिली वाचक तू होतीस. सकाळी साडेसातला फोन यायचा आणि त्यात कौतुक कधीच नसायचं. "सदलग्याची गाडी सातला न्हाय सुटत, साडेसहाला सुटती. इचारून लिहीत जा की रं." "त्या गावात ऊस न्हाय, शाळू हाय. गेलतास तरी का तिकडं?" कार्यालयात माझ्या चुका इतक्या बारकाईने कुणी काढत नसे. माझ्या मजकुरात जी काही अचूकता असेल, तिच्यातला मोठा वाटा त्या फोनचा आहे. हे तुला कधी बोललो नाही. तू म्हणाली असतीस, पेपरवाल्यागत बोलू नगंस.

कुत्र्याची पिल्लं तू फक्त काही महिने विकलीस. एका दुपारी तुझा अवेळी फोन आला. गोव्याकडून रेल्वेने लोंढ्यापर्यंत आणि तिथून टेम्पोने एक खोकं आलं होतं. सफरचंदाचं खोकं, बाजूला पाडलेली चार भोकं, आत चार पिल्लं. त्यातलं एक मेलेलं होतं आणि बाकीची तीन त्याच्यावरच झोपली होती. त्याचं डोळं उघडून चार दिस झालं असतील, असं तू म्हणालीस. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तू त्याला पुरलंस. उरलेली तीन ओळखीच्या घरांत दिलीस आणि पिल्लं कायमची बंद केलीस. तो फोन तू भावाला केला होतास. बातमीदाराला नव्हे. हा फरक मला त्या दिवशी कळत होता. नंतर मी तो विसरलो, किंवा विसरायचं ठरवलं.

गेल्या वर्षी प्राणिमित्रांच्या एका गटाने नगरपालिकेला निवेदन दिलं. दुकानांतून जिवंत प्राणी-पक्षी विकायला बंदी घालावी, खाद्य आणि साहित्य विकायला हरकत नसावी, ज्यांना प्राणी पाळायचा आहे त्यांनी बेवारस प्राणी दत्तक घ्यावेत, असं त्यात होतं. गावात चर्चा सुरू झाली. तुझा माझा वाद फोनवर तीन आठवडे चालला. तुझं म्हणणं मी आता शब्दशः लिहितो, कारण तेव्हा लिहिलं नव्हतं.

"बंदी घाला की. दुकान बंद झालं म्हणून पाखरं अंडी घालायची थांबत न्हाईत. ती मोबाइलवर जातील. मोबाइलवाल्याला पत्ता नसतोय, सुकू. माझ्याकडचं पाखरू मेलं की बाई दुकानात येऊन भांडती, शिव्या घालती. भांडायला जागा पाहिजे का नको?"

मी म्हणालो, भांडायला येणारी बाई जिवंत असते, पाखरू मेलेलं असतं. तू म्हणालीस, हे लई छापायजोगं बोललास.

मग मी ते छापलंच. रविवारच्या पुरवणीत बंदीच्या बाजूने माझा लेख आला. दोन्ही बाजू घेतल्या होत्या, आकडे तपासले होते, नियम वाचले होते. पण लेख उभा होता तो तिसऱ्या परिच्छेदावर. "नाव न छापण्याच्या अटीवर निपाणी परिसरातल्या एका विक्रेत्याने सांगितलं," अशी सुरुवात, आणि पुढे लोंढ्याहून आलेलं खोकं. संपादकांनी विचारलं होतं, माणूस खात्रीचा आहे का? मी म्हणालो, खात्रीचा आहे. या विषयात माझ्या सख्ख्या बहिणीचं दुकान आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं. लेखाखाली तशी एक ओळ द्यायला हवी होती. दिली नाही.

सोमवारी साडेसातला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मी दुपारी केला तर तू म्हणालीस, गिऱ्हाईक हाय, मग बोलू. असं दिवाळीपर्यंत चाललं.

भाऊबीजेला मी निपाणीला आलो. तू दार उघडलंस आणि आतल्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "या. एका विक्रेत्याचा भाऊ आला." पाट मांडलास, रांगोळी काढलीस, ओवाळलंस. करदंटाची वडी माझ्या हातावर ठेवताना तुला खोकला आला आणि तू ताट खाली ठेवलंस. तो थांबल्यावर मी विचारलं, लेखात काही चूक होती का? तू ताट उचललंस.

"एकच हाय. मी अट घातलीच न्हवती. मला इचारलंच न्हाईस तू."

तू पुढे म्हणालीस, "आन् बहिणीचं दुकान हाय म्हणून लिव्हलं न्हाईस. लाज वाटली व्हय रं?"

आक्का, लाज वाटली नव्हती. हे तेव्हाच सांगायचं होतं आणि जीभ उचलली नाही, कारण ते सांगितलं असतं तर त्याच्यामागचंही सांगावं लागलं असतं. मला ती बंदी तुझ्यासाठी हवी होती. तू माझं ऐकून पक्षी सोडणार नव्हतीस, डॉक्टरांचं ऐकून सोडले नव्हतेस. नगरपालिकेचं ऐकलं असतंस. नियम तू मोडत नव्हतीस, हे मला पक्कं माहीत होतं. ज्या विषयावर बोलायचं नाही असं तू बसस्टँडवर बजावलं होतंस, तो विषय मी पेपरातून तुझ्यापर्यंत पोचवायला निघालो. तोंडावर बोलता येत नाही ते छापून सांगायचं, ही चूक माझ्या धंद्यातल्या माणसाकडूनच होऊ शकते. दुकानातल्या जिवांबद्दल मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. आजही मला ते पटतं. पण मी ते ज्या आजारापायी लिहीत होतो त्याचं नाव लेखात कुठेच नव्हतं, आणि तुला दिसला तो फक्त तुझी लाज वाटणारा भाऊ.

भाऊबीजेनंतर तू पुन्हा सकाळचे फोन सुरू केलेस. माझ्या बातम्यांतल्या गाड्यांच्या वेळा सुधारू लागलीस. तू माफ केलंस की कंटाळलीस हे मी विचारलं नाही. फेब्रुवारीत तू जिना चढायचं बंद केलंस आणि झोपायची खोली खाली आणलीस. दुकान चालू होतं. पक्षी तू कमी केले होतेस, साठ-सत्तरावरून अठ्ठावीसवर आणले होतेस. का, हे तूही बोलली नाहीस.

आता तुझ्यामागे घडलेलं सांगतो.

गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून झाल्यावर मी मृत्यूच्या दाखल्याच्या कामाला गेलो. बाराच्या सुमाराला परत आलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मामा मागच्या मोकळ्या जागेत उभे होते. त्यांच्या पायाशी मोठा पिंजरा होता, दार उघडं, आत कुणी नाही. दुसऱ्या पिंजऱ्याच्या कडीला त्यांचा हात होता.

मी विचारलं, मामा, काय केलंत हे?

"पद्माच्या नावानं सोडली. दहा हुती ह्यात. जीवदान हाय रं, तिलाच पोचंल."

मी सांगितलं की आक्का हे कधीच करू देत नव्हती. मामांना राग आला नाही. ते समजुतीच्या सुरात बोलत होते.

"तिचं दुकान हुतं तवा करू देत नव्हती. खरं तूच लिव्हलंस की पेपरात, दुकानात जीव कोंडून ठेवू नये म्हणून. मी बस्तीत चारचौघांत वाचून दाखवलंय. माझा भाचा लिव्हतोय म्हणून सांगितलंय."

समोरच्या लिंबाच्या झाडावर दोन हिरवे पक्षी दिसत होते. ते एकाच फांदीवर बसून होते आणि पुढच्या फांदीवर जात नव्हते. तारेवर कावळे होते. मी मामांना म्हणालो, मी ते पाखरांसाठी लिहिलं नव्हतं, आक्काच्या छातीसाठी लिहिलं होतं. आणि मग डॉक्टर, छातीचा फोटो, भुगा, बसस्टँड, सगळं क्रमाने सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मामा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तिला बोललतास हे? लेख त्यासाठी लिव्हला म्हणून?"

मी नाही म्हणालो.

"तिला सांगायचं सोडून सगळ्या जिल्ह्याला सांगत बसलास व्हय," ते म्हणाले आणि कडीवरचा हात काढून घेतला. उरलेले पिंजरे आम्ही दोघांनी आत नेले.

सोडलेल्या दहा पक्ष्यांचं मला जेवढं कळलं तेवढं असं. संध्याकाळी पाचपर्यंत दोन पक्षी परत आले आणि दुकानाच्या खिडकीच्या जाळीला बाहेरून लटकून बसले. त्यांना आत घेतलं. शुक्रवारी सकाळपर्यंत तीन मेलेले सापडले, दोन लिंबाखाली आणि एक शेजारच्या पाण्याच्या टाकीजवळ. उरलेल्या पाचांबद्दल माहिती मिळाली नाही. कावळ्याबद्दल तू जे मामांना सांगत होतीस, ते दुकानदाराचं बोलणं नव्हतं. हे कळायला मला एक दिवस आणि तुझे आठ पक्षी लागले.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी दुकानात पिंजरे साफ करत होतो. मास्क लावला होता. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सदलग्याचा शेतकरी. सोमवारी सकाळी, तुला दाखल करण्याच्या काही तास आधी, त्याने तुझ्याकडून रिकामा पिंजरा नेला होता. मंगळवारी त्याला यायला जमलं नव्हतं. त्याने मला बघितलं, आत डोकावून बघितलं आणि पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"बाईस्नी सांगायचं हुतं. उत्तरंच्या भिंतीला लावलाय. ऊन येत न्हाय. चूल परसात हाय, धूर तिकडं जात न्हाय. मांजर हुतं, ते गेल्या साली गेलं. नातीनं चार दिस झालं त्यात वाटी ठिवलीया."

मी तोंडावरचा मास्क खाली केला आणि तू गेल्याचं सांगितलं. हातातली पिशवी त्याने दुसऱ्या हातात घेतली. त्याने विचारलं, "मग हे आता कुणाला सांगायचं?"

मी म्हणालो, मला सांगा.

मग मीच गल्ल्यावर बसलो. बंदीच्या बाजूने लिहिणारा माणूस पाच दिवस पक्षी विकत होता. आधी वाटलं फुकट द्यावेत. तू म्हणायचीस तसं, फुकटच्या जिवाला कोणी पाणी बदलत नाही, म्हणून दिले नाहीत. जे लगेच पक्षी मागत त्यांना रिकामा पिंजरा दिला. काही जण चिडले. एक तरुण म्हणाला, बाई गेल्या तरी नाटकं तीच हाईत की. शाळेतल्या एका शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी भिंतीचा फोटोच मोबाइलवर आणला. मी तिला विचारलं, ऊन किती वाजता येतं? तिला सांगता आलं नाही. मी तिला दुपारी बघून यायला सांगितलं. ती चारला परत आली. मासे गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याने टाक्यांसकट नेले, कारण तुझ्याकडून मिळालेल्या टाकीतले त्याचे मासे सहा वर्षं जगलेत.

निवेदन देणाऱ्या गटातल्या एक बाई रविवारी भेटायला आल्या. त्यांना तुझ्याबद्दल वाईट वाटलं. मला गल्ल्यावर बघून त्या दारातच थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, तुमचं मत बदललं का? मी म्हणालो, नाही. त्यांना ते पटलं नसावं. मलाही नीट सांगता आलं नाही. दुकानात जीव विकू नयेत असं मला वाटतं. ज्या दुकानात तो विकत नेणं इतकं अवघड केलं होतं, ते बंद झालं तर त्या गल्लीत आता मोबाइल उरेल, हेही मला दिसतं. या दोन गोष्टींचा वाद आपण जिथे सोडला तिथेच आहे. तुझी बाजू मांडायला आता फोन येत नाही. नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर तो विषय अजून आलेला नाही.

आमच्या पेपरात एक नियम आहे. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर दुरुस्ती छापायची. म्हणून हा मजकूर रविवारच्या पुरवणीत द्यावा अशी मी विनंती केली आहे. दुरुस्ती अशी: गेल्या वर्षीच्या लेखात ज्या विक्रेत्याचा उल्लेख होता ती विक्रेती माझी थोरली बहीण पद्मा होती. तिने कोणतीही अट घातली नव्हती. तिची परवानगी घेतली नव्हती. तो लेख लिहिताना मला तिच्या आजाराचं कारण माहीत होतं, ते तंबाखू नव्हतं, आणि ते मी वाचकांपासून आणि संपादकांपासून लपवलं, आणि लेख त्याच्यासाठीच लिहिला हे तिच्यापासून लपवलं.

सोमवार संध्याकाळपर्यंत नऊ जोड्या गेल्या. राहिले ते जाळीवर परत आलेले दोन. त्यातल्या लहान पक्ष्याच्या डाव्या पंखाखाली जखम होती. असे पक्षी कुणाला द्यावेत हे मला ठरवता येत नव्हतं. तेव्हा भूपालमामा दुकानात आले. त्यांनी भिंतीवरचा एक रिकामा पिंजरा काढला आणि घरी नेला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ते परत आले. सोप्यात टांगलाय, म्हणाले. ऊन येत न्हाय. धूर न्हाय. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंडावर बांधला आणि दोन्ही पक्षी स्वतःच्या हाताने, घरी न्यायच्या लहान पिंजऱ्यात घेतले.

आज बुधवार. सकाळी आठ वाजता मी मामांना फोन करून खात्री केली. दोन्ही पक्षी जिवंत आहेत. मोठा राळं खातो आहे. लहानाने अजून खाल्लेलं नाही.